गोऱ्यांची ‘मिळकत’ सहापट : म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतल्या वांशिक विषमतेवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘गोऱ्या कुटुंबांची मिळकत कृष्णवर्णीय कुटुंबांच्या सहापट आहे’ असे वाक्य झाले आहे. इथे ‘मिळकत’ चालेल, की ‘उत्पन्न’ लिहावे?

‘उत्पन्न’ मुळीच लिहू नका, वाक्य धडधडीत खोटे होईल. आणि ‘मिळकत’ तशीच ठेवलीत तर निम्मे वाचक तिचा अर्थ उत्पन्न असाच घेतील.

हा शब्द दोन्हीकडून बोलतो. ‘महिन्याची मिळकत किती?’ असे विचारले की पगार सांगायचा. पण खरेदीखतात ‘मिळकतीचे वर्णन’ या मथळ्याखाली चतुःसीमा येतात, नगर भूमापनाकडून ‘मिळकत पत्रिका’ काढतात, आणि पुण्याची महापालिका जो ‘मिळकतकर’ घेते त्याचा पगाराशी काडीचाही संबंध नसतो. (मुंबईत त्याच कराला मालमत्ता कर म्हणतात. पगारावरचा तो प्राप्तिकर.) एरवी संदर्भावरून उलगडा होतो. तुमच्या वाक्यात होत नाही, कारण ते दोन्ही अर्थांनी सरळ लागते.

आता आकडे. 2022 साली अमेरिकेत हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या) नसलेल्या गोऱ्या कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न, म्हणजे सगळी कुटुंबे चढत्या क्रमाने लावली तर बरोबर मधल्याचे, 81,060 डॉलर होते, कृष्णवर्णीयांचे 52,860. म्हणजे साधारण दीडपट. त्याच वर्षीची मध्यक निव्वळ मालमत्ता, म्हणजे घर, ठेवी, शेअर वगैरे सगळे धरून त्यातून कर्ज वजा केल्यावर उरते ती, गोऱ्यांची 2,85,000 डॉलर आणि कृष्णवर्णीयांची 44,900. सहापट आहे ती ही. ‘मध्यक’च्या जागी ‘सरासरी’ही लिहू नका; मूठभर अब्जाधीश सरासरी कुठल्या कुठे नेऊन ठेवतात.

दोन्ही अर्थांचे इतिहासही वेगळे आहेत. उत्पन्नातले अंतर विसाव्या शतकाच्या मध्यात बरेच आटले. दक्षिणेतली कापसाची शेते सोडून लाखो लोक शिकागो, डेट्रॉईटच्या कारखान्यांत गेले. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरवला. 1966 च्या दुरुस्तीने किमान वेतनाचा कायदा शेती, हॉटेले, शुश्रूषागृहे अशा कामांना लागू झाला, आणि तिथे कृष्णवर्णीय मजूर मोठ्या प्रमाणात होते. या शेवटच्या कारणाचा उल्लेख फारसा कोणी करत नाही, पण त्याचा वाटा मोठा आहे. 1980 नंतर मात्र गाडी जवळपास जागच्या जागी आहे.

मालमत्तेची गोष्ट 1860 पासून सुरू करावी लागते. तेव्हा जवळजवळ 40 लाख कृष्णवर्णीय गुलाम होते, म्हणजे माणसेच दुसऱ्याच्या मिळकतीत जमा होती. बहुतेक राज्यांत कायद्याने ती जंगम मिळकत, लुइझियानात चक्क स्थावर! अर्थतज्ज्ञांच्या हिशेबाने त्या वर्षी दरडोई मालमत्तेचे गोरे-काळे प्रमाण साठास एकच्या घरात होते. 1920 पर्यंत ते दहास एकवर आले, 1980 च्या दशकात पाचास एकवर, आणि आज पुन्हा सहाच्या आसपास आहे. सुरुवातीची मोठी घसरण फसवी आहे : शून्याजवळून निघालेल्याने थोडेसे जोडले तरी प्रमाण झपाट्याने उतरते. पुढे घर घ्यायची वेळ आली तेव्हा 1930 च्या दशकातल्या सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या होत्या, आणि सरकारी हमीचे गृहकर्ज तिथे मिळणे दुरापास्त होते. घरविक्रीतला भेदभाव कायद्याने बंद झाला 1968 मध्ये. तोवर गोऱ्यांची एक पिढी घराचे हप्ते फेडून मोकळी झाली होती.

न विचारलेली एक सूचना : ‘तफावत कमी झाली’ हेही जपून लिहा. 2019 साली हेच मध्यक आकडे 1,88,200 आणि 24,100 होते, म्हणजे जवळपास आठपट. 2022 मध्ये ते सहापटीवर आले. पण वजाबाकी करा : 1,64,100 चा फरक 2,40,100 झाला. महागाई धरूनही तो वाढलेलाच आहे. म्हणून ‘पट’ घटली की ‘फरक’ घटला ते सांगा. ‘दरी रुंदावली’ हे वर्तमानपत्री वाक्य दोन्हीपैकी काहीच सांगत नाही.

‘मिळकत’ कायमची खोडून टाकायचे मात्र कारण नाही. तुमच्या लेखात दक्षिणेतल्या जमिनींचा भाग असेल तर ती तिथे चपखल बसते. 1920 मध्ये तिथे नऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते (त्यांतले बहुतेक कुळे किंवा वाटेकरी). आज अख्ख्या देशात पन्नास हजारही नाहीत. ज्यांची जमीन स्वतःची होती तीही गेली, आणि त्याचे एक कारण आपल्याकडच्या कोणालाही चटकन कळेल. मृत्युपत्र नाही, वाटप झालेले नाही, तीन पिढ्यांचे वारस सामाईक मालक. त्यांतल्या शहरात गेलेल्या एकाने आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकला, की तो बाहेरचा वाटपाचा दावा लावायचा आणि कोर्ट सगळी जमीनच लिलावात काढायचे. आपल्याकडे 1893 च्या वाटप कायद्यात, निदान राहत्या घरापुरती, बाहेरच्याचा हिस्सा विकत घ्यायची मुभा कुटुंबाला आहे. तिकडे सहमालकांना तशी संधी देणारा नमुना कायदा 2010 मध्ये तयार झाला, आणि तो राज्याराज्याने स्वीकारायचा असतो. या मजकुरात ‘वारसांची सामाईक मिळकत’ असे बिनधास्त लिहा; तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळे तसेच म्हणतात.

तुमचे मूळ वाक्य मी असे लिहीन : ‘मध्यक गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता मध्यक कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सुमारे सहापट आहे.’ ‘संपत्ती’ टाळली, कारण 44,900 डॉलरमध्ये राहते घरसुद्धा आले, आणि त्याला मराठीत कोणी संपत्ती म्हणत नाही.