रस्ता ‘पात्र’ असतो का?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या फेमाच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या नियमांचं मराठी करताना ‘पुरात खचलेला रस्ता दुरुस्तीच्या निधीस पात्र आहे’ असं लिहिलं तर चालेल का, कारण पात्र माणूस असतो, रस्ता कसा असेल.

चालतं, बिनधास्त लिहा. ‘हा गुन्हा शिक्षेस पात्र आहे’ असं आपण म्हणतोच ना, आता गुन्हा काय माणूस आहे का? पात्र म्हणजे मुळात भांडं, ‘पा’ म्हणजे पिणे या संस्कृत धातूवरून आलेलं. मग ज्यात काही मावतं, राहतं ते सगळंच पात्र झालं, पाणी जिथून वाहतं ते नदीचं पात्र आणि दान ज्याच्या पदरात टाकायचं तोही पात्र. म्हणजे पुरात नदी जे सोडून बाहेर येते ते पात्र आणि नंतर रस्ता निधीला ठरतो तो पात्र, दोन्ही एकच शब्द. मला हे फार आवडतं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना ‘देशे काले च पात्रे च’ असं म्हटलंय आणि गंमत बघा, फेमाचे नियमही जवळजवळ तेच तीन प्रश्न विचारतात. रस्ता आपत्ती जाहीर झालेल्या भागात आहे का, हा देश. नुकसान त्याच आपत्तीमुळे, त्याच दिवसांत झालं का, की खड्डे आधीपासूनच होते आणि देखभाल राहून गेली होती, हा काल. आणि तो रस्ता नीट ठेवायची कायदेशीर जबाबदारी अर्ज करणाऱ्या संस्थेचीच आहे का, हे पात्र. खासगी वसाहतीतला रस्ता सहसा इथेच गळतो. निधी म्हणजे दान नव्हे हे मान्य, तो लोकांच्या कराचाच पैसा आहे, पण शब्दाच्या पोटातला अर्थ असा जुळून येतो तेव्हा तो सोडून दुसरा शब्द कशाला शोधायचा.

अडचण खरी पुढे आहे. त्या नियमांत पात्रता चार थरांची आहे, अर्जदार, मालमत्ता, काम आणि खर्च, आणि इंग्रजीत चारही ठिकाणी एकच विशेषण येतं म्हणून भाषांतरातही सगळीकडे पात्र पात्र होऊन बसतं. अर्जदार पात्र, रस्ता पात्र, इथपर्यंत ठीक, पण ‘पात्र खर्च’ कानाला खटकतं. आपल्या सरकारी मराठीत त्याला नेमका शब्द आहे, अनुज्ञेय. अनुज्ञेय भत्ता, अनुज्ञेय खर्च हे कारकुनापासून इंजिनियरपर्यंत सगळ्यांना कळतं. कामाला मी ‘ग्राह्य’ म्हणेन.

‘अपात्र’ मात्र जपून वापरा, कारण मराठीत त्याला नालायकीचा वास येतो. अमेरिकेत केंद्राच्या महामार्ग खात्याची मदत ज्या मोठ्या रस्त्यांना मिळते त्यांच्या कायमच्या दुरुस्तीला फेमा पैसे देत नाही, त्यासाठी त्या खात्याचाच वेगळा आपत्कालीन निधी आहे. म्हणजे रस्त्यात खोट काहीच नाही, दार फक्त दुसरं आहे. अशा ठिकाणी ‘या योजनेत बसत नाही’ किंवा ‘निकषात बसत नाही’ लिहा, आपण बोलतोही तसंच, आणि ज्या गावाचा रस्ता वाहून गेलाय त्याला ते वाचून निदान दुसरीकडे अर्ज करायचं सुचेल.

बाकी निधीस पात्र, निधीसाठी पात्र, दोन्ही बरोबर, पहिलं जरा जुन्या वळणाचं. आणि ‘आपत्तीग्रस्त रस्ता’ लिहिणार असाल तर समासात त्ति ऱ्हस्व, आपत्तिग्रस्त.