नाशिकजवळ आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला दगडखाण सुरू झाली आहे. विहीर आणि द्राक्षबाग वाचवायला आधी काय करावं?

आधी विहिरीची नोंद सुरू करा, अर्ज त्यानंतर. दर आठवड्याला सकाळी मोटर लावण्याआधी दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, तारखेसह वहीत लिहा. पाण्याचा नमुनाही एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. कारण असं की आपल्या बेसॉल्टमध्ये (काळ्या खडकात) पाणी असतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत; खाण त्याखाली गेली की ते खड्ड्याकडे झिरपतं, आणि खाणवाल्यांनी ते पंपाने उपसलं तर विहीर आणखी उतरते. आधीचे आकडे नसतील तर ‘उन्हाळ्यात आटतेच की’ म्हणून वाटेला लावतात. (चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींसारखी पायराइटमुळे (लोह-गंधकाच्या खनिजामुळे) पाणी आम्लधर्मी होण्याची भीती इथे फारशी नाही, इथला ताप म्हणजे पातळी, गाळ आणि धूळ.)

मग तहसीलदारांकडे लेखी अर्ज, आणि माहिती अधिकारात या दोन प्रती:
- खाणपट्ट्याचा आदेश (खोलीची अट बघा)
- पर्यावरण मंजुरी

धुळीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ. पानांवर पांढरा थर बसला की फोटो काढा.

फक्त एक: शेजारच्या नव्या बोअरमुळेही पातळी उतरते, म्हणून खाणीपासून लांबची एक विहीरही सोबत मोजा.