अंगठा फिरवण्याआधी : कॉलेज बास्केटबॉलबद्दल तुमचे प्रश्न

मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची मोठी राष्ट्रीय स्पर्धा रंगते, आणि माझा इनबॉक्स भरतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी बरीच वर्षं नियमपालनाचं काम केलं, आता पालकांना सल्ला देतो. प्रश्न तेच असतात, गावं तेवढी बदलतात : एडिसन, डॅलस, सनीवेल, मध्येच एखादं नागपूर. म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं.

प्रश्न : सामना दर चार मिनिटांनी का थांबतो? कोच इतके टाइमआउट घेतात का?

कोच नाही, टीव्ही घेतो. पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांचा हाफ असतो. घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली उतरलं, की त्यानंतर खेळ जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे जाहिराती. समोरच्याला पळवून पळवून दमवायचं, ही छोट्या कॉलेजांची जुनी युक्ती यात अर्धी बुडाली. दमलेल्यांना आयती विश्रांती मिळते. तुम्ही तेवढ्यात चहा टाका.

प्रश्न : स्टॅनफर्ड कॅलिफोर्नियात, मग अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये कशी?

कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. जिकडे टीव्हीचा करार तिकडे भूगोल. स्टॅनफर्डच्या जुन्या, पश्चिम किनाऱ्याकडच्या पॅक-१२ कॉन्फरन्सला धड करार मिळेना, तेव्हा बारातली दहा विद्यापीठं २०२४ मध्ये बाहेर पडली. मंगळवारच्या रात्री अख्खा देश ओलांडणाऱ्या पोरांची बुधवारी परीक्षा असते, हे त्या करारात कुठे लिहीत नाहीत.

प्रश्न : स्पर्धेचे अब्जावधी डॉलर जातात कुठे? कोर्टाने खेळाडूंना पगार मंजूर केला, हे खरं का?

सीबीएस आणि टर्नर या टीव्ही कंपन्यांनी प्रक्षेपणासाठी २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलर मोजले. २०१६ मध्ये आणखी ८.८ अब्ज देऊन करार २०३२पर्यंत वाढवला. कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेची बहुतेक कमाई हीच. त्यातला एक वाटा ‘युनिट’च्या हिशोबाने फिरतो : संघ स्पर्धेत जितके जास्त सामने खेळेल तितकी जास्त युनिटं त्याच्या कॉन्फरन्सच्या खात्यात, आणि एका युनिटचे सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर. म्हणून पहिल्या फेरीत एखादं अनोळखी कॉलेज जिंकलं, की त्याची शेजारची कॉलेजंही नाचतात.

पगाराचं म्हणाल, तर ती व्हॉट्सॲप-कथा. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या ऑल्स्टन खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ९-० लागला, पण तो शैक्षणिक लाभांपुरता होता. स्वतःच्या नाव-चेहऱ्यावर कमवायची मुभा, म्हणजे एनआयएल, त्याच वर्षी १ जुलैला आली. विद्यापीठांनी थेट पैसे द्यायला ‘हाउस’ नावाच्या खटल्यातल्या जून २०२५च्या तडजोडीनंतर सुरुवात झाली. पहिल्या वर्षी कमाल मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २.०५ कोटी डॉलर, तीही सगळ्या खेळांत मिळून. मोठा घास (अमेरिकन) फुटबॉलचा. तुमच्या मुलाच्या वाट्याला काय येईल ते त्याच्याच विद्यापीठाकडून लेखी घ्या.

प्रश्न : मुलगा डिव्हिजन ३ मध्ये, म्हणजे एनसीएएच्या तीन स्तरांतल्या तिसऱ्यात, खेळणार आहे. खेळाची स्कॉलरशिप किती मागावी?

तिथे ती नसतेच. गुणांवर किंवा गरजेवर मिळणाऱ्या मदतीचं आर्थिक मदत कार्यालयाला विचारा.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, छान खेळते. एका मार्केटिंग एजन्सीने करार पाठवलाय. ५,००० डॉलर लगेच, पण शुक्रवारपर्यंत सही हवी. माझा चुलतभाऊ म्हणतो, आता सगळं कायदेशीर आहे. करू का?

नाही. आणि हा शुक्रवार कोणी ठरवला?

मुलींच्या खेळात पैसा आला, हे खरंच. २०२४चा महिलांचा अंतिम सामना सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. पैशाचा वास आला की दलाल येतातच. तुम्ही जोडलेली नऊ पानं मी वाचली, चुलतभावाने वाचलेली दिसत नाहीत. चौथ्या पानावर ते ५,००० डॉलर ‘परतफेडीची उचल’ आहेत. सहाव्या पानावर मुलीच्या ‘बास्केटबॉलशी संबंधित सर्व उत्पन्ना’तले २० टक्के एजन्सीचे, आणि मुदत कुठेही नाही. म्हणजे उद्या ती कोच झाली तरी वाटा चालूच. आठव्या पानावर तिचं नाव, चेहरा, आवाज ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’. एवढं सगळं फोनच्या काचेवर अंगठा फिरवून द्यायचं?

मी भीती घालतोय असं वाटत असेल तर फुटबॉलमधलं उदाहरण घ्या. फ्लोरिडा विद्यापीठाच्या जर्वॉन डेक्स्टरने २०२२ मध्ये ४,३६,४८५ डॉलर घेतले. बदल्यात लिहून दिलं, की एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या कमाईचे १५ टक्के २५ वर्षं देईन. पुढच्याच वर्षी तो करार रद्द करा म्हणून त्याला कोर्टात जावं लागलं.

शिवाय शालेय खेळाडूंचे नियम राज्यागणिक वेगळे. एका राज्यात चालणाऱ्या सहीने दुसऱ्या राज्यात शाळेच्या संघातली जागा जाऊ शकते. कॉलेजात डिव्हिजन १ला, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तराला, गेल्यावर ६०० डॉलर किंवा त्यावरचा प्रत्येक बाहेरचा करार कळवावा लागतो. कर कापून कोणी देत नाही, एप्रिलमध्ये तो तुम्हीच भरायचा. तेव्हा आधी राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेला लेखी विचारा, मग करारांचं काम करणारा वकील गाठा. एजन्सीने सुचवलेला नको. वकिलाच्या तासाभराच्या फीसाठी घासाघीस करणारे पालक पुढे आयुष्यभराचे २० टक्के बिनबोभाट देतात, हे मी फार वेळा पाहिलंय. आणि बहुतेक जण मला विचारतात ते सही झाल्यावर!

प्रश्न : भाचा नागपूरहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलाय, स्कॉलरशिपवर खेळतो. इथल्या एका दुकानदाराने इन्स्टाग्रामवर जाहिरात करायला ३०० डॉलर देऊ केलेत. टीममधले सगळेच करतात.

टीममधले सगळे एफ-१वर नाहीत. एनआयएलचा नियम खेळाचा आहे, बाहेर कमावण्यावर बंधनं घालणारा व्हिसाचा कायदा वेगळा, आणि पहिल्याने दुसरा बदलत नाही. पर्ड्यू विद्यापीठाचा कॅनेडियन झॅक एडी ओळीने दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी याच व्हिसाने त्याचे हात बांधलेले होते. ‘फक्त ३०० डॉलर’ हा बचाव नव्हे. त्याने आजच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जावं आणि मग इमिग्रेशन वकिलाकडे. कोचला विचारून भागणार नाही.

पोस्ट आधीच टाकली असेल, तर घाबरून पुसू नका. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि वकिलाला पहिल्यांदा तोच दाखवा.