बाईंना विचारा : काळी नखं, हळदीचे हात आणि साबणचोर

मागच्या अंकात मी मुलांच्या अक्षराबद्दल लिहिलं होतं. पत्रं मात्र आली ती हात धुण्याबद्दल, केसांबद्दल, दातांबद्दल. शाळा नुकत्या उघडल्यात, चिखल आहे, गणवेश वाळत नाहीत, साहजिकच आहे. पाच पत्रं घेते. पहिल्यालाच जागा जास्त लागणार आहे, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

वाशीम जिल्ह्यात आमची दोन शिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी मिळून ४१ मुलं. परिपाठाला मी रोज नखं, केस, कपडे तपासतो आणि अस्वच्छ मुलांची वेगळी रांग करतो. पहिला महिना फरक पडला. आता त्याच सात-आठ जणांची रांग लागते, आणि त्यातला तिसरीतला एक मुलगा शाळेतच येईनासा झालाय. पाणी टँकरचं, तेही दोन दिवसांआड. काय करावं? – एक शिक्षक

सर, आधी ती रांग मोडा. उद्याच्या परिपाठापासून.

इतक्या हक्काने सांगते, कारण ही रांग मीही लावलेली आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, माणदेशातल्या एका वस्तीवरची शाळा. चौथीतल्या एका मुलीची नखं रोज काळी. रोज मी तिला पुढे बोलवायची, रोज ती हात मागे लपवायची. शेवटी तणतणत तिच्या घरी गेले, आईला चार शब्द सुनवायला. सकाळचे सव्वासात झाले असतील. आई खुरपायला गेलेली. पोरगी दारातल्या दगडावर उकिडवी बसून, राख आणि नारळाची शेंडी घेऊन पातेल्यांची बुडं घासत होती. चुलीवरची भांडी ती, काजळीचा थर बसलेला. मी मोजली, अकरा भांडी होती. मला बघून तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर हात मागे घेतले.

माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त वेळ पाण्यात हात घालणारी मुलगी तीच होती, आणि अस्वच्छ म्हणून उभी केलेलीही तीच. सुनवायला आणलेले चार शब्द गिळले आणि परत आले. काजळी नखाच्या कडेत एकदा बसली की साबणाने हलत नाही. घासायच्या आधी बोटांना तेलाचं बोट फिरवलं तर बसत नाही, आणि भांडं चुलीवर चढवण्याआधी बुडाला ओल्या मातीचा लेप दिला तर घासायचं कामच निम्मं होतं. हे मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं, डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी तिच्या आईला सांगितलं. रांग त्या दिवशी बंद झाली.

तेव्हा तुमच्या त्या सात-आठ जणांच्या घरी एकदा जाऊन या. कुठे नेलकटर नसेल, कुठे गणवेशाचा एकच जोड असेल, कुठे पाणी आणायचं कामच त्या पोराचं असेल. नेलकटर शाळेत आणा, कपाटाला दोरीने बांधा, शनिवारी सगळ्यांचीच नखं कापा, तुमचीही. प्रत्येकानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं तेवढं विसरू नका.

आता पाणी. खिचडीच्या आधी पोरं घमेल्यातल्या पाण्यात ओळीने हात बुचकळतात, ते मी इतक्या शाळांत पाहिलंय की तुमच्याकडेही असणार असं धरूनच चालते. त्यापेक्षा न धुतलेले बरे. पहिल्याच्या हाताचं शेवटच्याच्या पोटात जातं. पाणी वाहतं हवं, पण जास्त लागतं असं नाही. थंड पेयाची प्लास्टिकची बाटली घ्या, टोपणाला तापवलेल्या दाभणाने दोन-तीन भोकं पाडा, उलटी धरा. हात ओले करायला एक धार, साबण चोळताना बंद, मग धुवायला धार. आम्ही मापून बघितलं होतं, एका मुलाला साधारण १५० मिली लागतं. तुमच्या ४१ जणांना सहा-सव्वासहा लिटर, म्हणजे घागरही पुरती रिकामी होत नाही. साबणाच्या वड्या परवडत नसतील तर लिटर-दीड लिटर पाण्यात दोन-तीन चमचे कपड्यांची पावडर विरघळवून दुसरी बाटली भरा. काम तेच होतं.

किती वेळ चोळायचं, तर वीस सेकंद. घड्याळ कोण बघणार? बेचा पाढा म्हणायला लावा, शाळेत म्हणतात तसा हेल काढून. 'बे एके बे'ला सुरू करायचं आणि 'बे दाहे वीस'ला थांबायचं. पाढाही पक्का होतो, केंद्रप्रमुख आले तर त्यांनाही दाखवता येतं.

आणि साबण का, हे एकदा डोळ्यांनी दाखवा. माझा सगळ्यांत आवडता तास होता तो. गोडेतेलात चिमूटभर हळद कालवायची आणि मुलांच्या दोन्ही हातांना चोळायची. आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगा. पाणी वरून घरंगळून जातं, हात पिवळेच. मग साबणाची वडी द्या. हळदीला साबण लागला की ती लाल होते. साबण क्षारयुक्त असतो आणि हळद क्षारात रंग बदलते. पोरं किंचाळतात! मग हात नीट बघायला सांगा. जिथे लाल झालं तिथे साबण पोचला, जिथे अजून पिवळं तिथे पोचलाच नाही. अंगठ्याची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा, दरवेळी याच जागा पिवळ्या राहतात. मी ओरडून सांगितलेलं जे पोचलं नाही ते हळदीने पोचवलं. वडीचाच साबण घ्या, बाटलीतल्या हँडवॉशने बहुधा रंग बदलत नाही. दुसऱ्या दिवशी घरून 'कुणाच्या लग्नाला गेला होतास' अशी विचारणा होते, त्याला इलाज नाही.

जंतांची गोळी तुमच्याकडे येतच असेल. १० फेब्रुवारीचा जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू आहे. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. ती समोर खायला लावा, घरी देऊ नका. पण पालकांना हेही सांगा, की गोळी पोटातल्या जंतांसाठी असते. नखात अडकलेली अंडी तिला दिसत नाहीत, ती पुन्हा घासाबरोबर आत जातात.

राहिला तो मुलगा. त्याला आणायला दुसऱ्या पोरांना पाठवू नका, स्वतः जा, आणि स्वच्छतेचा विषय काढू नका. आला की बाटलीने पाणी घालायचं काम त्याच्याकडे आणि अजून एकाकडे द्या. एकट्याकडे दिलंत तर पोरं कारण ओळखतात.

माझी मुलगी तिसरीत आहे. दर महिन्या-दीड महिन्याने डोक्यात उवा होतात. औषध लावलं की जातात, पुन्हा येतात. वर्गातल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीचं नाव घेऊन 'तिच्यामुळेच होतं, तिला वेगळं बसवा' असं चाललंय. – एक आई, पुणे

ताई, त्या ग्रुपवर पहिल्यांदा हे टाका, की ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, आणि तिसरीतल्या मुली एका चित्रावर चौघी डोकी जोडूनच बसतात. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ती तितक्याच आनंदाने राहते. कुठून सुरू झालं ते शोधून काही उपयोग नाही. आजवर कुठल्याही वर्गाला ते सापडलेलं नाही, फक्त एक मुलगी रडत घरी गेलेली आहे.

तुमच्या उवा परत येतात त्याचं कारण बहुतेक घरातच असणार. औषधाने उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. त्या साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून औषध पुन्हा एकदा लावावं लागतं, किती दिवसांनी ते पाकिटावर लिहिलेलं असतं. आपण पहिल्या वेळेला समाधानी होऊन बाटली कपाटात टाकतो. दुसरं, घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, तुमचं आणि आजीचंही. आजीच्या कुशीत झोपत असेल तर आधी आजी.

आणि फणी. कंगवा नव्हे, बारीक दातांची फणी. केस ओले करून किंवा भरपूर खोबरेल लावून, बटा वेगळ्या करून मुळापासून टोकापर्यंत, प्रत्येक वेळी पांढऱ्या कपड्यावर पुसत. दोन-तीन दिवसांआड, दोन-तीन आठवडे. लीख की कोंडा हे कळत नसेल तर फुंकर मारा किंवा टिचकी द्या. कोंडा उडतो, लीख केसाला चिकटलेली राहते. रॉकेल, मुंग्यांचा खडू, ढेकणांचं औषध यांतलं काहीही डोक्याला लावू नका. कुणी ग्रुपवर सुचवलं तर कडक शब्दांत लिहा. आणि मुलीचे केस कापायची घाई नको, ती शिक्षा वाटते.

मी वीस वर्षं मिश्री लावते. सहा वर्षांचा नातू आता शेजारी बसून 'मला पण' म्हणतो. चिमटीभर दिली तर काय बिघडतं? दात तर माझे अजून शाबूत आहेत. – एक आजी, जि. सातारा

अक्का, देऊ नका. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दात घासायच्या निमित्ताने ती हिरडीतून रक्तात जाते, आणि सकाळी जी तरतरी वाटते ती दातांची नव्हे, तंबाखूची. माझी आईही लावायची, चहाच्या आधी तिला ती लागायचीच. नाही मिळाली तर तिचं डोकं धरायचं आणि आम्हा पोरांचं काही खरं नसायचं. तोंडाच्या कर्करोगाचं भय आहे ते वेगळंच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवून या. दात शाबूत आहेत म्हणून थांबू नका.

नातवाचं वय मात्र मोक्याचं आहे. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. कुठलाही दात न पडता येते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते, किडली की दुसरी येत नाही. मटारच्या दाण्याएवढी पेस्ट, सकाळी आणि रात्री झोपताना. त्याला तुमच्या शेजारी बसायचंय, मिश्रीची हौस नाही. तुम्ही ब्रश घेऊन बसलात तर तोही ब्रशच मागेल.

माझी मुलगी पालिकेच्या शाळेत सहावीत आहे. पाण्याची बाटली भरून नेते आणि तशीच भरलेली परत आणते. विचारलं तर म्हणते, शाळेतलं शौचालय घाण आहे, म्हणून पाणीच पीत नाही. – एक वडील, नाशिक

भाऊ, तुम्ही भरलेली बाटली बघितलीत, पुष्कळ घरांत तेवढंही कुणी बघत नाही. दिवसभर लघवी धरून ठेवल्याने आणि पाणी न प्यायल्याने लघवीला जंतुसंसर्ग होतो, शौचाला खडा होतो. जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप असं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन लघवी तपासा.

मग शाळेत जा, पण सकाळी नको. सकाळी सगळी शौचालयं धुतलेली असतात. मधल्या सुट्टीनंतर जा. आत तुमच्याऐवजी मुलीच्या आईला किंवा एखाद्या बाईंना पाठवा आणि तीन गोष्टी बघायला सांगा : आतून कडी लागते का, पाणी आहे का, झाकणाची कचरापेटी आहे का. माझ्या अनुभवात 'घाण आहे' म्हणणाऱ्या निम्म्या मुलींची खरी अडचण कडी असते. ते बोलायची लाज वाटते म्हणून घाण म्हणतात. कचरापेटी यासाठी, की सहावी-सातवीत पाळी सुरू होते आणि पॅड कागदात गुंडाळून टाकायला जागा नसेल तर मुली त्या दिवसांत शाळेलाच येत नाहीत.

शिक्षणहक्क कायद्यात मुलींसाठी स्वतंत्र शौचालय सांगितलेलं आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी द्या, इतिवृत्तात नोंद करायला लावा. तोंडी सांगितलेलं चहाबरोबर संपतं. घरी आईने तिला एवढं सांगावं, की धुताना किंवा पुसताना हात पुढून मागे न्यायचा. हे मुलींना कुणी सांगतच नाही.

आमच्या शाळेच्या नळावर ठेवलेला साबण रोज नाहीसा होतो. पंधरा दिवसांत अकरा वड्या गेल्या. मुलांवर संशय आहे, पण कुणी कबूल होत नाही. साबण ठेवणं बंद करावं का? – एक मुख्याध्यापक, जि. सांगली

सर, नळाजवळ झाड आहे का? आमच्या शाळेत लिंब होता. आम्हीही असेच हैराण झालो होतो. दोन पोरांवर संशय घेतला, एकाच्या बापाला बोलावणं धाडलं. मग एक दिवस दुपारी खिचडीची भांडी घासणाऱ्या मावशींनी हाक मारली. कावळा वडी चोचीत धरून नळावरून उठला आणि फांदीवर बसून तिचे लचके तोडायला लागला. साबणात चरबी असते, ती त्यांना आवडते. मी त्या दोन्ही पोरांना परिपाठात सगळ्यांसमोर बोलावून 'चुकलं' म्हटलं. त्यातला एक इतका लाजला की खाली बघून नखं कुरतडायला लागला, ज्यासाठी मी त्याला एरवी रागावत असे.

जुना पायमोजा घ्या, आत वडी टाका, तोंडाला गाठ मारा आणि नळाला घट्ट बांधा. मोज्यावरूनच हात चोळायचा, फेस नीट येतो, वडीही विरघळून गटारात जात नाही. दप्तरं तपासली नाहीत ना अजून?