सीटी स्कॅनची प्रतिमा तपासायला थ्रीडी प्रिंट केलेलं फुफ्फुस कशाला? पाण्याचा फँटम (यंत्र तपासायला रुग्णाच्या जागी ठेवायचं पाण्याने भरलेलं भांडं) पुरत नाही का?

रोजच्या तपासणीला पुरतो. पाण्याचा आकडा 0 हाउन्सफिल्डच्या (सीटीत घनता मोजायचं एकक) आसपास येतो का, नॉइज (प्रतिमेतले नको असलेले दाणे) किती, हे त्यात कळतं. पण हल्लीचं इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (प्रतिमा पुन्हा पुन्हा सुधारत तयार करायची संगणकी पद्धत) नॉइज पुसताना कमी कॉन्ट्रास्टची बारीक गाठही पुसट करू शकतं. एकसारख्या पाण्यात ते दिसणार कसं? प्रिंट केलेल्या फुफ्फुसात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, गाठ कुठे आणि किती मिलिमीटरची हे आधीच ठाऊक असतं, शिवाय किरणांचा डोस कमी करत तेच मॉडेल 50 वेळा स्कॅन करता येतं. माणसावर हे कधीच करू नये. प्रिंटच्या थरांत अडकलेल्या हवेकडे मात्र नीट लक्ष द्या, तिच्यामुळे हाउन्सफिल्डचे आकडे खाली घसरतात. एमआरआयसाठी नुसतं प्लास्टिक चालत नाही, त्यातून सिग्नलच मिळत नाही. पोकळ साचा छापून त्यात जेल भरतात.