वाचकांचे प्रश्न : हेडलाइटच्या ‘काचे’ला गेलेला तडा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्याकडे परदेशी बनावटीची, २०१० सालची दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. वर्षातले बहुतेक महिने ती आमच्या घरच्या अंगणातच असते. गेल्या मार्चमध्ये निवळीच्या घाटात पुढच्या डंपरमधून उडालेल्या खडीने डाव्या हेडलाइटच्या काचेचा टवका उडाला. त्यातून निघालेला तडा वाढत वाढत आता सात सेंटीमीटरचा झाला आहे. उजव्या काचेला मार लागलेला नाही, तरी तिच्या वरच्या भागात केसासारख्या बारीक रेषांचे जाळे दिसते. काच सुटी मिळत नाही, संपूर्ण हेडलाइटच बदलावा लागेल, असे कार्यशाळेत सांगण्यात आले आणि त्याची किंमत माझ्या आवाक्याबाहेरची आहे. आमच्या शेजारी फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करणारे अनुभवी कारागीर राहतात. होडीच्या रेझिनने तडा भरून देण्याची त्यांची तयारी आहे. तसे करावे का? पाऊस सुरू होण्यापूर्वी नेमके काय करावे?
— एक वाचक, मालगुंड

उत्तर : आपण जिला काच म्हणता ती काच नाही, आणि आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या एका गोष्टीत आहे. अमेरिकेने १९८३ साली हेडलाइटविषयीचे नियम बदलल्यानंतर काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक येऊ लागले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. आपल्या हेडलाइटच्या पुढच्या भागावर कोरलेल्या खुणांमध्ये ‘पीएल’ ही रोमन अक्षरे सापडली, तर त्याची लेन्स, म्हणजे पुढचे पारदर्शक आवरण, प्लास्टिकची आहे असे निश्चित समजावे. पॉलिकार्बोनेट आघात सोसण्यात काचेपेक्षा कितीतरी वरचढ आहे, म्हणूनच आपल्या लेन्सचे तुकडे न होता केवळ टवका उडाला. मात्र त्याच्या दोन दुबळ्या बाजू आहेत : उन्हातील अतिनील किरणांनी ते पिवळे पडते आणि ठिसूळ होते, आणि अनेक द्रावकांच्या नुसत्या स्पर्शाने त्याला आतल्या ताणामुळे तडे जातात. पहिल्या दोषावर उपाय म्हणून कारखान्यातच लेन्सवर एक कठीण, पारदर्शक थर चढवलेला असतो. स्पोर्ट्स कारचे नाक बुटके आणि हेडलाइट मागे झुकलेले असल्याने पुढच्या वाहनाची खडी, चिरेखाणीच्या रस्त्यांवरील जांभ्याची कचकच आणि माथ्यावरचे ऊन हे सगळे त्या थरावर अधिक थेट येते.

होडीच्या रेझिनचा विचार कृपया सोडून द्यावा. आपल्या शेजाऱ्यांच्या कसबाविषयी मला शंका नाही. काचतंतूच्या थरांवर तेच रेझिन वर्षानुवर्षे समुद्राचे पाणी अडवते. परंतु होड्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असते, आणि स्टायरीन पॉलिकार्बोनेटवर हल्ला करते. एक तडा बुजवताना त्याच्या आजूबाजूला नवे दहा उमटतील, शिवाय रेझिन उन्हात पिवळे पडेल ते वेगळेच. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल आणि अमोनिया असलेला काच पुसण्याचा फवारा यांनाही लेन्सपासून दूरच ठेवावे. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद कडेला पांढरी साय सोडतो आणि ठिसूळ राहतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही हेडलाइटजवळ नेऊ नये, कारण त्यातून निघणारी आम्लाची वाफ आतल्या परावर्तकाचा, म्हणजे प्रकाश पुढे फेकणाऱ्या आरशासारख्या भागाचा, ॲल्युमिनियमचा मुलामा खराब करते.

आता तडा दुरुस्त करण्याजोगा आहे की नाही हे ठरवू. संधिकाळी गाडी एखाद्या पांढऱ्या भिंतीसमोर सुमारे पाच मीटरवर उभी करून खालचा प्रकाशझोत लावावा. लेन्सवर ज्या ठिकाणी तडा आहे त्याच्यासमोर काळ्या कागदाची पट्टी काही क्षण धरावी. भिंतीवरच्या प्रकाशाच्या आकृतीत काहीच फरक पडला नाही, तर तडा झोताच्या वाटेवर नाही आणि दुरुस्ती करण्यात अर्थ आहे. हीच चाचणी वरच्या झोतासाठीही करावी. आकृती कापली गेली, किंवा पट्टी बाजूला केल्यावर प्रकाशाच्या वरच्या सीमारेषेच्याही वर तेजाचे फराटे दिसले, तर तो तडा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश फेकतो आहे. पावसाळी रात्री परशुराम किंवा कशेडी घाटाच्या जुन्या वळणांवर समोरच्या दुचाकीस्वाराला क्षणभर दिसेनासे होणे म्हणजे काय, हे कोकणात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. अशा वेळी दुरुस्तीचा आग्रह धरू नये. लेन्सच बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तडा झोताबाहेर असेल, तर हे काम मे महिन्यातच, मृगाची वाट न पाहता उरकावे. आपल्या गाडीच्या वयाच्या अनेक स्पोर्ट्स कारमध्ये झेनॉन दिवे असतात आणि ते पेटताना २०,००० व्होल्टहून अधिक दाब निर्माण होतो, म्हणून आधी बॅटरीची जोडणी सोडवावी आणि मगच हेडलाइट बाहेर काढावा. त्याची मागची झाकणे उघडून तो एक-दोन दिवस कोरड्या, उबदार खोलीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, कारण ओल आत कोंडून तडा बुजवला तर ती मग बाहेर पडत नाही. परावर्तकावर धूळ दिसली तरी त्याला कापड लावू नये. तो मुलामा इतका पातळ असतो की पुसताच निघून येतो. त्यानंतर टॉर्चचा उजेड तिरका टाकून तड्याचे खरे टोक शोधावे. ते डोळ्यांना दिसते त्याच्या थोडे पुढे असते. नेमके त्या टोकावर दोन मिलीमीटरचे भोक अगदी संथ गतीने पाडावे, आणि शेजारी व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरावी, म्हणजे कीस आत पडणार नाही. ताण तड्याच्या अणकुचीदार टोकाशी एकवटतो. गोल भोकाच्या कडेला तो पसरतो आणि तडा पुढे सरकणे थांबते. धातूच्या पत्र्यातील चीर रोखण्यासाठी जुने फिटर हेच करत आले आहेत.

त्यानंतर तडा आणि भोक पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवावे, आणि ज्याच्या वेष्टनावर पॉलिकार्बोनेटसाठी योग्य असे स्पष्ट लिहिलेले आहे असाच पातळ, पारदर्शक, अतिनील दिव्याखाली घट्ट होणारा गोंद वापरावा. आधी त्याचा एक थेंब लेन्सच्या न दिसणाऱ्या कडेवर लावून एक दिवस थांबावे आणि तिथे बारीक रेषा उमटत नाहीत याची खात्री करावी. मोटारींच्या पुढच्या काचेचे टवके भरण्याचे रेझिन काचेसाठी बनवलेले असते. केवळ हाताशी आहे म्हणून ते इथे वापरू नये. गोंद तड्यात आपोआप झिरपतो, भोक मात्र दोन-तीन थरांत भरावे लागते. घट्ट झाल्यावर उंचवटा १५००, २००० आणि ३००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने भरपूर पाण्यात घासून सपाट करावा आणि पॉलिश करावे. एवढे करूनही तड्याची रेषा दिसत राहील, आणि लेन्सला पूर्वीची ताकदही येणार नाही. आपण साधायचे ते पाण्याला अटकाव करणे आणि तडा आहे तिथे रोखणे, इतकेच.

पाण्यावर एवढा भर देण्याचे कारण असे की रात्रीच्या प्रवासात हेडलाइटमधील हवा तापलेली असते. रस्त्यावर साचलेले पाणी अंगावर उडाले की हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरचे पाणी तड्यातून आत ओढून घेते. किनाऱ्यावर त्या पाण्यात आणि हवेत क्षार असतात, आणि परावर्तक, तारांची टोके व झेनॉनचे नियंत्रक यांची त्यामुळे वाताहत होते. पावसाळी पहाटे लेन्सच्या कोपऱ्यात धरलेले हलके धुके दिवा लावल्यावर अर्ध्या तासात विरत असेल, तर ते हवेसाठी ठेवलेल्या छिद्रातून आलेले असते आणि त्याची काळजी करू नये. तळाशी थेंब साचलेले दिसले, तर मात्र ती गळतीच होय. दुरुस्तीला वेळ असेल तोवर तड्यावर बाहेरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी, आणि गाडी धुताना दाबाच्या पाण्याची नळी त्या बाजूला नेऊ नये.

उजव्या लेन्सवरील जाळे बहुधा वरच्या संरक्षक थरातले आहे. १००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने एका लहानशा भागात घासून पाहावे. रेषा नाहीशा झाल्या तर उरलेला भागही १५००, २००० आणि ३००० असा चढत्या क्रमाने घासता येईल. घासूनही त्या तशाच राहिल्या तर प्लास्टिक खोलवर तडकले आहे, आणि अधिक घासण्याने लेन्स फक्त पातळ होईल. घासलेली लेन्स उघडी ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण घासताना कारखान्यातला थर निघून गेलेला असतो. आज चकाकणारी लेन्स काही महिन्यांतच पुन्हा पिवळी पडते. हेडलाइटसाठी बनवलेला, अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट तरी चढवावा किंवा १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म तरी कडेपासून कडेपर्यंत लावून घ्यावी. आपल्या रस्त्यांसाठी मी फिल्मच निवडेन, कारण ती खडीचा मारही झेलते आणि खराब झाल्यावर सोलून बदलता येते. दुरुस्त केलेल्या डाव्या लेन्सवरही तीच लावावी. रंगीत किंवा धुरकट फिल्म मात्र नको. तिने प्रकाश घटतो.

लेन्स बदलावीच लागली, तर काही प्रचलित गाड्यांच्या सुट्या लेन्स बाहेरच्या बाजारात मिळतात हे लक्षात असू द्यावे. हेडलाइट ब्यूटाइल रबराच्या सीलने जोडलेला असेल तर तो उष्णतेने मऊ करून उघडता येतो. कायमस्वरूपी गोंदाने जोडलेला असेल तर उघडताना मोडण्याचा धोका असतो. म्हणून हे काम पूर्वी केलेल्या माणसाकडेच द्यावे. वापरलेला हेडलाइट परदेशातून मागवणार असाल, तर तो डाव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशातला, म्हणजे ब्रिटन, जपान किंवा ऑस्ट्रेलियातला असावा. युरोपच्या मुख्य भूमीवरील दिवा आपल्याकडे समोरच्यालाच दिपवतो. युरोपीय मान्यतेची खूण असलेल्या दिव्यावर, केवळ डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी तो असेल तर, समोरून पाहणाऱ्याच्या उजवीकडे रोखलेला बाण कोरलेला असतो.

विम्याची चौकशीही करावी. नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणापोटीची कपात, धरत नाहीत, प्लास्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के धरतात. आपली लेन्स या हिशेबातही काच ठरत नाही. घसारामाफीची जोड घेतलेली असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : माझ्या गाडीच्या हेडलाइटला तडा नाही, पण दोन्ही लेन्स पिवळट झाल्या आहेत. टूथपेस्टने किंवा डास पळवण्याच्या फवाऱ्याने त्या स्वच्छ होतात असे ऐकले. आमचे घर समुद्रालगत आहे.
— एक वाचक, देवगड

उत्तर : टूथपेस्ट हा सौम्य घासण्याचा पदार्थ आहे, ती पिवळा थर थोडा काढते, पण वर संरक्षण काहीच देत नाही, म्हणून तिचा परिणाम टिकत नाही. डासांच्या फवाऱ्याला मात्र ठाम नकार द्यावा. त्यातील डीईईटी हे रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवते. चकाकी दिसते ती त्या विरघळण्याची, आणि नंतर तिथेच तडे येतात. वर सांगितल्याप्रमाणे घासून लगेच क्लिअर कोट किंवा फिल्म लावणे हाच मार्ग योग्य आहे. खाऱ्या वाऱ्याने बसलेला थर पुसण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुऊन काढावा, कारण कोरड्या फडक्याखाली मीठ आणि रेती लेन्स ओरबाडतात; वाऱ्याने फडफडणारे गाडीचे कापडी आवरणही हेच करते, म्हणून ते झटकून आणि घट्ट बांधून वापरावे. हॅलोजन दिवा असेल तर ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब बसवलेला नाही ना, हेही पाहावे. त्या जादा उष्णतेने लेन्स आतून भाजते, आणि आतून आलेला धुरकटपणा बाहेरून कितीही घासला तरी जात नाही.