नवं मधे पेर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा 60 मिनिटांचा आराखडा वाचला. 45 मिनिटं तीनताल (16 मात्रा, म्हणजे ठोके), मग 15 मिनिटं कहोन (बसून वाजवायचं लाकडी खोकं) आणि लॅपटॉपवरचा लेहरा (ताल दाखवणारी, फिरून फिरून येणारी धून) घेऊन 'काहीतरी नवं'. अगं, हे एकल तबलावादन नव्हे, एका तिकिटात दोन कार्यक्रम झाले. नवं शेवटी चिकटवू नकोस, मधे पेर.

तबल्याच्या अजराडा घराण्याचंच बघ. कल्लू खां आणि मीरू खां दिल्लीला सिताब खांकडे शिकले, आणि मेरठजवळच्या त्यांच्या गावात दिल्लीच्याच कायद्याला (पलट्यांनी, म्हणजे त्याच बोलांच्या फेरमांडणीने, वाढवायची रचना) आडी, म्हणजे दीडपटीची चाल मिळाली, डग्गा (डाव्या हाताचा) बोलका झाला. त्या काळी ते नवंच होतं. पण ते कायद्याच्या पोटातून आलं, म्हणून टिकलं.

पेशकार, म्हणजे सुरुवातीची संथ मांडणी, मिनिटाला 48 मात्रांच्या लयीत ठेव. आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, 20 सेकंदांचं होतं. 36 आवर्तनं, 12 मिनिटं, पुरे. मग हा कायदा: 'धाधातिट धाधातूना, तातातिट धाधाधीना'. पलटे सहाच. वीस पलटे वाजवून कान थकवायचे आणि मग नव्यासाठी टाळी मागायची, ही खोड सोड.

आता तोच कायदा 11 मात्रांत ने: 'धाधातिट धाधातिट धातूना, तातातिट धाधातिट धाधीना'. अक्षरं 22, म्हणजे दुगुन, मात्रेला दोन. ठेक्याचे (तालाच्या मूळ बोलांचे) विभागही 4-4-3 ठेव. कायद्याची 11 अक्षरांची एक ओळ ही ठेक्याचीच दुप्पट चाल होते. गंमत आणि धोका एकाच जागी आहे: खालीचा, म्हणजे दुसऱ्या ओळीचा पहिला 'ता' सहाव्या मात्रेच्या मध्यावर पडतो. तिथे हात घाई करतो, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) अर्धी मात्रा आधी येते आणि लेहरेवाला तुझ्याकडे बघत बसतो. इलाज एकच, हाताने टाळी देत पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. मंचावरही एकदा पढंत कर, म्हणजे श्रोत्यालाही मोजता येईल.

तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा) नवी बांधू नकोस. पाच मात्रांचा पल्ला तीनदा, मधे एकेक मात्रेचा दम, म्हणजे थांबा, ही तीनतालात समेपासून उचलली की 17 व्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर येते. हीच 11 मध्ये सातव्या मात्रेवरून उचल. एक पूर्ण आवर्तन ओलांडून बरोबर समेवर पडेल. ओळखीची तिहाई अनोळखी समेवर! यालाच मी पेरणं म्हणतो. कर्मठपणा म्हणायचा तर म्हण, मला त्याची सवय आहे.

लेहऱ्याबाबत मात्र हयगय नको. तीनतालाच्या लेहऱ्याचे पाच स्वर छाटून 11 चा होत नाही, लंगडतो. त्याच रागात नवा बांधून घे आणि समेचा स्वर ठळक ठेवायला सांग. षड्ज तोच राहिला की दायाँ (उजव्या हाताचा तबला) पुन्हा लावायला नको. यंत्राचा लेहरा तुझ्याबरोबर लय चढवत नाही. दर वेळी हात काढून बटण दाबशील आणि बांधलेलं सगळं सुटेल. ताल बदलताना दोन आवर्तनं नुसता ठेका दे. मग पुन्हा तीनतालात ये: रेला (जलद बोलांची सलग धार), फरुखाबाद घराण्याची एखादी जुनी गत (बांधीव रचना), चक्रदार (तिहाईसकट तीनदा वाजवायचा तुकडा). गत कुणाची ते सांगून वाजव. 11 चा कायदा तुझा आहे, तेही सांग. लाजू नकोस.

लेहरा धरणाऱ्या हार्मोनियमवाल्याबरोबर किमान चार तालमी कर. पहिली नुसत्या टाळीवर. तबला पिशवीतच राहू दे.